रोमान्स कादंबरी: गैरसमज मिटल्यावर गोष्ट उरते का?

उन्हाळी_जांभूळ

सध्या माझं वाचन म्हणजे रोमान्स, रोमान्स आणि रोमान्स. लपूनछपून नाही, ऑफिसच्या बसमध्ये उघड वाचते. बहुतेक इंग्रजी आणि अलीकडच्या. म्हणजे ज्यांत माणसांकडे मोबाइल आहे, नोकरी आहे आणि घरभाडं थकलेलं आहे अशा. त्यातल्या काही पन्नास पानांत सोडून देते, काहींपायी दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढते. गंमत अशी की दोन्हींचं कथानक तेच! दोघं भेटतात, पटत नाही, पटतं, बिनसतं, पुन्हा जमतं. शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो. मग एक हातातून सुटत नाही आणि दुसरीची जांभई येते, हे का?

माझं उत्तर: अडथळा. ही दोघं आज, आत्ता एकत्र का येत नाहीत, हे मला पटलं पाहिजे. आपल्या आज्यांच्या वेळच्या गोष्टींत हे काम वडील करायचे, जात करायची, नाहीतर न पोचलेलं पत्र करायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तरीही लेखिका काय करतात? नायिका नायकाला कुणा सुंदर मुलीबरोबर कॉफी पिताना बघते आणि पुढची साठ पानं त्याचा फोन उचलत नाही. मग ती मुलगी त्याची बहीण निघते. नेहमी बहीणच कशी निघते हो? एखादी विमा एजंट का निघत नाही?

म्हणून मी एक चाचणी लावते. मधला गैरसमज मनातल्या मनात काढून टाकायचा. कादंबरी तिथेच संपत असेल तर ती कादंबरी नव्हतीच, निरोप पोचायला उशीर झाला होता इतकंच.

या चाचणीला जेन ऑस्टिन अजून पुरून उरते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ ची. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिली मागणी घालतो ते एकसष्ट प्रकरणांपैकी चौतिसाव्यात, आणि सपशेल नकार खातो. लगेच पस्तिसाव्यात त्याचं पत्र येतं आणि विकहॅम या गोडबोल्या अधिकाऱ्याबद्दलचा तिचा गैरसमज तिथेच निकालात निघतो. अजून सव्वीस प्रकरणं बाकी! कारण गैरसमज मिटला तरी तो तिच्या घरच्यांना खरोखरच कमी लेखत होता, आणि 'मला माणसं ओळखता येतात' हा तिचा तोरा खरोखरच पोकळ होता. दोघांना बदलायला वेळ लागतो आणि तो वेळ म्हणजे उरलेली कादंबरी.

आताचं उदाहरण द्यायचं तर एमिली हेन्रीची 'बीच रीड' (२०२०). नायिका स्वतः रोमान्स लिहिणारी. वडील गेल्यावर कळतं की त्यांचं बाहेर प्रकरण होतं. आता जिला आईवडिलांच्या संसाराच्या गोष्टीवरच विश्वास उरला नाही ती गोड शेवट लिहिणार कशी, आणि शेजारच्या घरातल्या त्या खडूस 'गंभीर' लेखकाच्या प्रेमात पडणार कशी? हा पेच फोन करून सुटत नाही.

तर तुम्हाला कशानं मजा येते? आणि मराठीत असं आज कोण लिहितंय? (मालिका सुचवू नयेत. हलकं घ्या.)

---

पानसुपारी

पहिली! धागा आवडला, वाखू (वाचनखूण) साठवली. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

---

बाणेदार_बाळ्या

प्रामाणिक शंका, चिडू नका. शेवट ठरलेला, मधलं बिनसणंही ठरलेलं, मग चारशे पानं वाचायची कशाला? रहस्यकथेत निदान खुनी कोण ते माहीत नसतं.

---

उन्हाळी_जांभूळ

@बाळ्या, मारवा राग ऐकतोस ना? षड्ज, म्हणजे सा, येणार हे श्रोत्याला पक्कं ठाऊक असतं. तो किती वेळ आणि कशा कशानं टाळला जातोय, याचीच तर मैफल. षड्ज आलाच नाही तर घरी जाताना चिडचिड होईल ती वेगळी.

---

रात्रपाळी

जांभूळताईंना अनुमोदन, पण अडथळ्याच्याही आधी माझी मागणी आहे: माणसांनी काम करावं! मी डॉक्टर आहे. कादंबरीतला सर्जन दुपारी चार वाजता नायिकेला घेऊन टेकडीवर जातो तेव्हा मी पुस्तक मिटते. कुठला विभाग हा? मला पण बदली द्या.

नायिकेचंही तेच. ती 'आर्किटेक्ट' असते म्हणजे तिच्याकडे गुंडाळलेले नकाशे असतात, एवढंच. साइट नाही, महापालिकेत अडकलेली परवानगी नाही, पैसे बुडवणारा क्लायंट नाही. माणूस दिवसाचे दहा तास जिथे घालवतो तिथे त्याचा स्वभाव दिसतो, तीच जागा रिकामी ठेवली तर मी प्रेमात पडू कुणाच्या?

हेलन होआंगची 'द किस क्वोशंट' (२०१८) मला आवडली ती याच कारणानं. स्टेला इकॉनोमेट्रिक्सवाली, आकड्यांत रमणारी, ऑटिस्टिक. लेखिकेला स्वतःलाही मोठेपणी हेच निदान झालं होतं, त्यामुळे आवाज, स्पर्श, गर्दी यांचा तिला होणारा त्रास आतून लिहिलेला वाटतो, पाठ्यपुस्तकातून उतरवलेला नाही. मायकल दिवसा घरच्या ड्रायक्लीनिंग आणि शिवणकामाच्या दुकानात खपतो. आईच्या आजारपणाचा खर्च डोक्यावर आहे म्हणून पैसे घेऊन सोबत करण्याचा धंदाही करतो. आता जांभूळताई, तुमची चाचणी लावा. तिच्याकडे पैसा आहे, त्याच्याकडे नाही, आणि त्याला त्याची लाज आहे. बसा फोन करत.

---

निवृत्त_बाई

तुम्ही सगळ्या इंग्रजीच बोलताय म्हणून माझं घोडं मध्ये दामटते. आमच्या कॉलेजात ना. सी. फडके वाचायची चोरी नव्हती, कारण प्राध्यापकच वाचायला सांगायचे. कादंबरी कशी बेतायची यावर 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तक त्यांनी १९३१ साली लिहिलं होतं. जांभूळ म्हणते तो पेच, तो घट्ट करत नेणं आणि वेळेवर सोडवणं, या कारागिरीबद्दल त्यांना लोकांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली. 'जीवनासाठी कला' म्हणणारे खांडेकर एका बाजूला आणि हे दुसऱ्या. आज तुम्ही अमेरिकेतल्या बायकांचं ज्याबद्दल कौतुक करताय ते हेच तंत्र आहे. मात्र फडक्यांचे नायक मला तेव्हाही पटायचे नाहीत. इतकं नीटनेटकं आणि देखणं माणूस घरात वावरलं तर बाई वैतागेल.

चंद्रकांत काकोडकर मात्र उशीखाली असायचे. 'दो रास्ते' हा १९६९ चा सिनेमा त्यांच्या 'निलांबरी'वरून निघाला, हे सांगितलं की आमच्या सुनेचा विश्वास बसत नाही. त्यांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली ते निर्दोष सुटले. आज ती वाचाल तर विचाराल, यात होतं काय?

---

एडिसनचा_बटाटेवडा

बाईंचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे खास!

रच्याकने (बाय द वे), आता इंग्रजीत उलटा घोळ झालाय. मुखपृष्ठं बघा. गुलाबी-पिवळी, कार्टूनसारखी दोन माणसं, हातात कॉफी नाहीतर पुस्तक. बघणाऱ्याला वाटतं शाळकरी मुलांचं आहे. माझ्या बहिणीनं पुण्यात पुस्तक प्रदर्शनातून तेरा वर्षांच्या लेकीला असंच एक आणून दिलं. लेक गप्प बसून वाचतेय म्हणून आई खूश. मी व्हिडिओ कॉलवर नाव वाचलं आणि म्हटलं, ताई, आधी तू वाच.

तसे प्रसंग असण्याला माझी ना नाही. पण त्या प्रसंगानंतर दोघांमधलं काहीतरी बदललेलं असावं. आधी जिथे होती तिथेच ती नंतरही असतील तर मी पानं उलटतो. बागेतली दोन फुलं दाखवून कॅमेरा वळवायचे तेही परवडलं, निदान वेळ वाचायचा.

अवांतर: हो, मी पुरुष आहे आणि रोमान्स वाचतो. इकडे परदेशात बर्फ पडत असतो, करायचं काय?

---

बाणेदार_बाळ्या

@वडा, पुरुष वाचतात हे कळल्यावर जरा धीर आला. एखादं नाव द्या, मात्र ज्यात कुणी अब्जाधीश नको. अब्जाधीश माणसाला इतका मोकळा वेळ कसा असतो हे मला सुटलेलं नाही.

---

एडिसनचा_बटाटेवडा

@बाळ्या, सॅली थॉर्नची 'द हेटिंग गेम' (२०१६) घे. दोन प्रकाशन कंपन्या एक झाल्यात, दोन साहेबांचे दोन सहायक समोरासमोरच्या टेबलांवर. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही आणि दिवसभर दुसरं काही बघायलाच नाही. भांडणं फक्कड आहेत.

भांडणाबद्दल माझं मत सांगतो. नुसता टोमणा कुणीही मारतो. कादंबरीतलं भांडण रंगतं ते दोघं एकमेकांकडे फार बारीक लक्ष देत असतील तेव्हा. जे वाक्य तो फक्त तिलाच बोलू शकतो, दुसऱ्या कुणाला बोलला तर लागणारच नाही, ते खरं वाक्य. तिथे वाचकाला प्रेम आधी कळतं आणि त्या दोघांना मागाहून. मला मजा येते ती या मधल्या अंतराची.

---

पानसुपारी

आले. वरण झालं, भाजी करपली, जाऊ दे.

माझ्या मावशीचं उपनगरात एक छोटं खासगी वाचनालय होतं. दुपारी मी काउंटरवर बसायचे. बायका पुस्तक घेताना हमखास विचारायच्या, "शेवट चांगला आहे ना?" आणि बऱ्याच जणी तिथेच उभ्या राहून शेवटचं पान वाचून बघायच्या. मला तेव्हा हसू यायचं. नंतर लक्षात आलं, घरी आजारी माणूस, नोकरीतली कटकट हे सगळं सांभाळून जे दोन तास मिळतात त्यांत कुणाच्या हाती पडायचं, हे त्या तपासून घेत होत्या. शेवटाची खात्री झाली की मधला त्रास बिनधास्त सोसता येतो.

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्याही याच दोन गोष्टींवर उभी आहे: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायक हवा. म्हणून 'मी बिफोर यू' (२०१२) किंवा 'वन डे' (२००९) कितीही रडवून गेल्या तरी या कप्प्यात बसत नाहीत. (स्पॉयलर झाला असेल तर माफी, पण तुम्हाला इतकी वर्षं होती.)

तसा वाचनालयांचा आणि या पुस्तकांचा घरोबा जुनाच. मिल्स अँड बून ही रोमान्ससाठी ओळखली जाणारी प्रकाशन संस्था १९०८ साली लंडनमध्ये सुरू झाली, पण तिचा जम बसला तो पुढे तिथल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांच्या जिवावर. तपकिरी बांधणी असायची म्हणून लोक 'ती तपकिरी पुस्तकं' मागायचे. मावशीकडे तोच खप, फक्त पुठ्ठ्याला खाकी कागद आम्ही घालायचो. मिल्स अँड बूनच्या जुन्या नायकांचं मात्र आज वाचवत नाही. ती नको म्हणते आणि तो दंड धरतो, आणि लेखिका त्याला उत्कटपणा समजते. आताच्या लेखिकांचा नायक थांबतो, विचारतो. त्यानं रंग उतरतो म्हणणाऱ्यांनी चांगल्या लेखिका वाचलेल्या नाहीत. विचारण्यातही भरपूर धडधड असते.

---

भाग_क्रमशः

मी एका ॲपवर मराठीत प्रेमकथा लिहिते, भागांत. धाग्यावर यायची भीती वाटत होती कारण तुम्ही ज्यांना नावं ठेवताय त्या सगळ्या गोष्टी मी करते. 😀

आमची बाजू ऐका. प्रत्येक भाग अशा जागी तोडावा लागतो की वाचकानं खाली "पुढचा भाग लवकर टाका" लिहिलं पाहिजे. कथा चालली की ती संपवायची सोय नाही. पंचविसाव्या भागात ज्यांचं जमायला हवं त्यांना शंभराव्यापर्यंत लांब ठेवायचं. मग बहीण निघते, जुळा भाऊ निघतो, स्मृती जाते. जांभूळताई, तुमची चाचणी बरोबर आहे, पण ती पुस्तकाला लागते. आमच्याकडे गैरसमज हा पगार आहे.

सगळ्यात जास्त चालतं ते 'आधी लग्न, मग प्रेम'. ठरवून केलेलं, नाहीतर कराराचं लग्न. मला यात कमीपणा वाटत नाही. अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहायचं, त्याला चहात साखर किती लागते हेही माहीत नाही, आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेत. हा पेच आपल्या घरांतला आहे, आणि फोननं तोही सुटत नाही. नवरा बायकोला फोन करून विचारेल काय? "तू मला आवडायला लागलीयेस का?"

---

उन्हाळी_जांभूळ

@भाग_क्रमशः, बरं झालं आलीस. 'गैरसमज हा पगार आहे' हे वाक्य मी ढापणार आहे. आणि लग्नानंतरच्या प्रेमाबद्दल शंभर टक्के पटलं. मला राग येतो तो नायक पहिल्या तीस भागांत तिचा अपमान करतो आणि तिनं एकदा ताप आल्यावर पट्ट्या ठेवल्या की विरघळतो, त्याचा. त्याला माफी मागायला लाव ना कधी तरी. नीट, सविस्तर, घरच्यांसमोर.

---

एडिसनचा_बटाटेवडा

लपवाछपवीचा अडथळा मात्र मला चालतो, खोटं बोलण्याची किंमत मोठी असेल तर. मुंबईत वाढलेली सोनाली देव अमेरिकेत राहून लिहिते. तिच्या 'अ बॉलिवूड अफेअर' (२०१४) मध्ये मिलीचं लग्न चौथ्या वर्षी, राजस्थानात झालेलं. त्यानंतर नवरा कधी भेटलेलाच नाही. ती शिकायला मिशिगनला जाते आणि नवऱ्याचा भाऊ, सिनेदिग्दर्शक, घटस्फोटाच्या कागदांवर सही घ्यायला तिच्या दारात उभा राहतो. तो कोण आहे हे सांगत नाही. वाचताना दर पानाला वाटतं, सांग रे बाबा. पण सांगितलं की तिचं उभं आयुष्यच उलटंपालटं होणार, हेही दिसत असतं. कॉफीतल्या बहिणीपेक्षा हे लाख पटीनं बरं.

---

काळा_कोट

उशिरा आलो. मूळ प्रश्नाकडे येतो: आज मराठी प्रेमकथेला अडथळे कमी पडलेत का? आम्ही कोर्टात रोज बघतो, मुळीच नाही. कमी पडलंय ते लेखकांचं धैर्य. शहरी मराठी प्रेमकथेत सगळ्यांची आडनावं इतकी जपून निवडलेली असतात की घरी कुणाला हरकतच नसावी. जात गेली नाही हो, कादंबरीतून फक्त काढून टाकलीय.

आणि एक तयार कथानक फुकट देतो. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मग विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती कार्यालयात ठळक जागी लावतात. ३० दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप आला तर अधिकाऱ्याला चौकशी करून निर्णय द्यायला आणखी ३० दिवसांची मुदत. लग्न नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत झालं पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे प्रेम आहे, होकार आहे, गैरसमज शून्य, आणि तरी दोघं महिनाभर जीव मुठीत धरून बसलीत. नावं, पत्ते भिंतीवर. कोण वाचेल सांगता येत नाही.

---

रात्रपाळी

@काळा_कोट, अंगावर काटा आला. पण आंतरजातीय लग्नालाही ही नोटीस लागते का? माझ्या मैत्रिणीचं तर पटकन झालं होतं.

---

काळा_कोट

दोघंही हिंदू असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ पुरतो. त्यात अशी नोटीस नाही, विधी करून नोंदणी करता येते. १९५४ चा कायदा मुख्यतः आंतरधर्मीय जोडप्यांच्या वाट्याला येतो, आणि ज्यांना धार्मिक विधी नकोत त्यांच्याही.

---

बाणेदार_बाळ्या

हे जरा जड होतंय. रोमान्स मजेसाठी ना? तहसील कचेरी आणि आक्षेप वाचायचे तर मी पेपर वाचेन.

---

निवृत्त_बाई

बाळ्या, मजा आणि हलकेपणा या दोन गोष्टी का एक करतोस? त्या महिनाभरात ती दोघं भांडतील, त्याच्या शर्टाच्या रंगावरून हसतील, शेजारीण विचारेल की हा कोण. तीस दिवस आहेत बाळा, सगळे रडत नाहीत.

आणि माझी एक मागणी कुणी नोंदवून घ्या. आम्ही गौरी देशपांडे वाचून शहाण्या झालो. 'एकेक पान गळावया' १९८० चं. प्रेम, संसार, मुलं मोठी होणं हे सगळं होऊन गेलेल्या बाईला पुढे काय वाटतं, हे कुणीतरी लिहिलं बघून आम्हाला केवढं हायसं वाटलं होतं. तो काही तुमचा गोड शेवटाचा रोमान्स नव्हे, मान्य. पण त्या वयाच्या बाईला गोड शेवट देणारी मराठी कादंबरी मला हवीय. पन्नाशीची नायिका, गुडघे दुखताहेत, मुलगा परदेशात. तिच्या प्रेमाला अडथळा म्हणून सासरा नको, बाप नको. तिचा स्वतःचा मुलगाच पुरेसा आहे. "आई, या वयात?" एवढं बोलला की झाला खलनायक.

---

पानसुपारी

बाईऽऽऽ +१००. मी अशी कादंबरी विकत घेऊन वाटेन.

---

उन्हाळी_जांभूळ

बाईंचं आणि काळ्या कोटाचं एकत्र केलं तर? पन्नाशीची ती, साठीचा तो, धर्म वेगळे, नोटीस लागलीय आणि आक्षेप मुलानंच घेतलाय. कायद्याच्या मुद्द्यावर आक्षेप टिकणारा नाही हे त्यालाही माहीत आहे. गैरसमज काढून टाका, तरी सगळंच्या सगळं उरतं. @भाग_क्रमशः, घेतेस का?

---

भाग_क्रमशः

ॲपवर पन्नाशीची नायिका चालणार नाही असं सगळे सांगतील. पण माझ्या निम्म्या वाचक त्याच वयाच्या असाव्यात, दुपारी दोन ते चार कमेंट येतात त्यावरून. नोटिशीचे तीस दिवस म्हणजे तीस भाग, फार वाढवायची सोय नाही, हे तर फारच चांगलं. घेते.

काळा कोट, साक्षीदार दोन पुरतील ना?

---

काळा_कोट

तीन लागतात.

---

भाग_क्रमशः

तीन! मग तिसऱ्या सहीला मुलगा. पण आधी त्याच्याकडून माफी, सविस्तर, घरच्यांसमोर, जांभूळताईंच्या ऑर्डरप्रमाणे.